शॉर्टफॉर्मची यादी मोठी नको, पूर्ण लिहायच्या जागा ठरवा

प्रश्न थोडक्यात असा आहे. शंभरेक खाटांचं खासगी रुग्णालय, सगळं कामकाज कागदावर आणि एनएबीएचची, म्हणजे रुग्णालयांचा दर्जा तपासून मान्यता देणाऱ्या संस्थेची, तपासणी तोंडावर आलेली. विचारणाऱ्या ताई नुकत्याच एमआरडीच्या, म्हणजे मेडिकल रेकॉर्ड विभागाच्या, इनचार्ज झाल्या आहेत. इंटरनेटवर त्यांना आठशे शॉर्टफॉर्मची तयार यादी मिळाली आहे. ती आपल्या लेटरहेडवर घेऊन सगळ्या वॉर्डांत लावली तर चालेल का? डॉक्टर मंडळींना ती पाळायला कशी लावायची? टीपीएकडून, म्हणजे विमा कंपनीसाठी क्लेम तपासणाऱ्या एजन्सीकडून, निदानाबद्दल सारख्या क्वेरी येतात, त्या थांबतील का? आणि जाता जाता, गेल्या वर्षीच्या फाइलींचं काय करायचं?

ताई, यादी लावलीत तर तपासणीच्या दिवशी दाखवायला कागद होईल. क्वेरी मात्र थांबणार नाहीत. आठशे शॉर्टफॉर्म मान्य करणं म्हणजे सध्या जे चाललंय त्यावर शिक्का मारणं. तो तक्ता वाचून कुठलाही आरएमओ, म्हणजे ड्यूटीवरचा निवासी डॉक्टर, रात्री दोन वाजता नोट लिहिणार नाही, आणि कुठलीही सिस्टर त्यात बघून ऑर्डर पाळणार नाही. मी बरीच वर्षं मेडिकल रेकॉर्ड आणि नंतर क्वालिटी अशा दोन्ही बाजूंना काम केलंय. माझं मत सरळ आहे: कोणते शॉर्टफॉर्म चालतील हा दुय्यम प्रश्न. कोणत्या जागी एकही चालणार नाही, हे आधी ठरवा.

ज्या डॉक्टरांनी शॉर्टफॉर्म लिहिला त्यांना तो कधीच संदिग्ध वाटत नाही. हाडांच्या वॉर्डात ‘एमटीपी’ म्हणजे पायाच्या अंगठ्याच्या मुळाशी असलेला सांधा. बायकांच्या वॉर्डात त्याचा अर्थ गर्भपात. दोन्ही वॉर्डांत कुणाचाही गोंधळ होत नाही. गोंधळ होतो तो कागद वॉर्डाबाहेर पडला की. तो बिलिंगला जातो, फार्मसीत जातो, तुमच्याकडे येतो, टीपीएच्या टेबलावर जातो, पेशंटच्या पिशवीतून दुसऱ्या गावच्या डॉक्टरांपुढे जातो. तिथे वॉर्ड सोबत नसतो, फक्त तीन अक्षरं असतात. कान-नाक-घशाच्या पेशंटच्या कागदावर ‘डीएनएस’ दोनदा येतं: एकदा नाकाचा पडदा वाकडा म्हणून आणि एकदा सलाइनची बाटली म्हणून. ‘आययूडी’ म्हणजे गर्भाशयात बसवलेली तांबी, आणि आययूडी म्हणजेच पोटात दगावलेलं बाळ. आयसीडी-१० या आजारांच्या आंतरराष्ट्रीय कोड-यादीत पहिल्याचा कोड झेड ९७.५, दुसऱ्याचा ओ ३६.४. डिस्चार्ज कार्डावर नुसतं ‘एच/ओ आययूडी’ (पूर्वी आययूडी) असेल, तर पुढच्या बाळंतपणात ते वाचणाऱ्या डॉक्टरांनी त्या बाईला काय विचारायचं?

टीपीएच्या क्वेरीचंही मूळ इथेच आहे. एका केसमध्ये टूडी एकोच्या रिपोर्टातली ओळ जशीच्या तशी डिस्चार्ज समरीत उतरली होती: ‘एएमएल थिकन्ड’. हृदयाच्या झडपेचा पुढचा पडदा जाड झालाय, इतकाच त्याचा अर्थ. समोरच्या टेबलावर एएमएल म्हणजे रक्ताचा कर्करोग असं वाचलं गेलं आणि ‘हा आजार प्रपोजल फॉर्मवर का सांगितला नाही’ अशी क्वेरी आली. हार्टच्या डॉक्टरांना हसू आलं. नातेवाइकांना नाही आलं, कारण डिस्चार्ज संध्याकाळपर्यंत अडकला होता.

आता कशावर काय अवलंबून आहे ते सांगते, कारण एकच उत्तर सगळीकडे लागू पडत नाही. फक्त डोळ्यांचं रुग्णालय असेल तर ‘ओडी’ म्हणजे उजवा डोळा हे तिथे पक्कं बसलेलं असतं, पण त्याच कागदावर गोळी ‘ओडी’ म्हणजे दिवसातून एकदा. तिथे या एका जोडीवरच बैठक घ्यावी लागेल. मेडिकल कॉलेजमध्ये दर थोड्या दिवसांनी इंटर्नची नवी तुकडी येते, म्हणून तिथे शिकवण्यावर भर हवा. तुमच्यासारख्या ठिकाणी खरी अडचण व्हिजिटिंग कन्सल्टंटची असते. एकच सर्जन सकाळपासून चार रुग्णालयांत फिरतात. चारही ठिकाणी वेगळी यादी असेल तर ते एकही पाळणार नाहीत, आणि त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. म्हणूनच नियम इतके थोडे हवेत की तोंडपाठ होतील.

एनएबीएचलाही आठशेचा तक्ता नको असतो. रुग्णालयानं आपलं धोरण ठरवावं, ते लोकांना माहीत असावं आणि कागदावर दिसावं, एवढी अपेक्षा असते. तपासणीला आलेले लोक भिंतीवरचा तक्ता बघून पुढे जातात आणि हाताला येईल ती फाइल उघडतात. भिंत आणि फाइल यांत फरक दिसला की प्रश्न सुरू.

मी पूर्ण लिहायच्या पाच जागा धरते: औषधाची ऑर्डर, डिस्चार्ज समरीतलं अंतिम निदान, संमतिपत्र, ऑपरेशनचं नाव आणि बाजू, मृत्यूच्या कारणाचा दाखला. बाकी रोजच्या नोटमध्ये बीपी, ईसीजी, सीबीसी, आरएल लिहू दे. तिथे भांडण काढलंत तर या पाच जागांसाठी लागणारी पत तुम्ही घालवून बसाल.

औषधांपासून सुरुवात करा, कारण तिथे जीवाशी गाठ आहे. अमेरिकेतल्या जॉइंट कमिशनने २००४ साली ‘वापरू नका’ अशी छोटी यादी काढली, ती अनेकजण जशीच्या तशी उचलतात. तिच्यातले काही मुद्दे आपल्याला शंभर टक्के लागू आहेत. युनिटसाठी नुसतं ‘यू’ लिहायचं नाही, कारण घाईतला यू शून्यासारखा दिसतो आणि १० चे १०० होतात. १.० असं लिहायचं नाही, टिंब पुसट आलं की १० वाचलं जातं. .५ असं लिहायचं नाही, आधी शून्य हवंच. ‘एमएस’ लिहायचं नाही, कारण ते मॉर्फिनही असू शकतं आणि मॅग्नेशियमही. लेबर रूममध्ये आपल्याकडे ‘मॅगसल्फ’ म्हणतात. तेही ऑर्डरवर पूर्ण लिहायला लावा.

पण त्याच यादीतले ‘क्यूडी’ (रोज) आणि ‘क्यूओडी’ (एक दिवसाआड) आपल्याकडे लिहितं कोण? आपण ओडी, बीडी, टीडीएस लिहितो, म्हणजे दिवसातून एकदा, दोनदा, तीनदा. त्यामुळे मी पाहिलेल्या अनेक धोरणांत कुणीही न वापरणाऱ्या शब्दांवर बंदी असते आणि रोज वापरला जाणारा धोका मोकळा सुटतो. मेथोट्रेक्सेटचंच बघा. सांधेदुखीसाठी ही गोळी आठवड्यातून एकदा घ्यायची असते. ‘ओडब्ल्यू’ (आठवड्यातून एकदा) लिहिलं आणि कुणी ते ओडी वाचून रोज दिली, तर रक्तपेशी झपाट्यानं खाली येतात आणि पेशंट दगावू शकतो. तिथे ‘आठवड्यातून एकदा, फक्त सोमवारी’ असं वाराच्या नावानिशी लिहून घ्या. डिस्चार्ज कार्डावर १-०-१ ही आपली पद्धत उत्तम आहे. पेशंट, मेडिकलवाला आणि घरची सून तिघांनाही कळते. ती सोडून बीडी लिहायचं कारणच नाही.

इन्सुलिनला आपल्याकडे आणखी एक काटा आहे. वायल दोन ताकदींत मिळतात, एका मिलीत ४० युनिट आणि एका मिलीत १०० युनिट. सिरिंजही दोन, ४० ची लाल टोपीची आणि १०० ची नारिंगी टोपीची. १०० च्या वायलमधलं औषध लाल टोपीच्या सिरिंजने दहाच्या खुणेपर्यंत ओढलं तर पेशंटला पंचवीस युनिट जातात, म्हणजे अडीचपट. त्यात ऑर्डरवर ‘इन्सुलिन यू-४०’ असं लिहिलेलं असेल तर ती ताकद आहे की डोस, हे नवीन सिस्टरने कसं ओळखायचं? आम्ही शेवटी इन्सुलिनचा वेगळा चार्ट छापला. त्यात डोसच्या रकान्यापुढे ‘युनिट’ हा शब्द आधीच छापलेला आणि वर ताकदीसाठी दोन चौकटी, खूण करायला. डॉक्टरांनी फक्त आकडा टाकायचा. त्यानंतर यूचा प्रश्न आम्हाला कुणाला समजावून सांगावा लागला नाही.

डॉक्टरांना कसं पाळायला लावायचं, याचं माझं निम्मं उत्तर इथेच आहे. माणसांच्या मागे लागण्याआधी छापील कागद बदला. तुमचाच छापील अॅडमिशन पेपर काढून बघा. त्यावर ‘सी/ओ’ (तक्रार), ‘एच/ओ’ (पूर्वेतिहास), ‘के/सी/ओ’ (आधीपासून माहीत असलेला आजार) अशी शॉर्टफॉर्मची शिडीच छापलेली असेल. संमतिपत्रावर ‘एलएससीएस’ छापलेलं असेल आणि खाली त्या बाईची सही. सिझर म्हणजे काय हे तिला माहीत आहे, एलएससीएस माहीत नाही. व्यवस्थापनाच्या स्वतःच्या कागदावर हे चालत असताना डॉक्टरांना सर्क्युलर पाठवणं शोभत नाही.

औषधाच्या चार्टवरचा आणखी एक आळस म्हणजे ‘सीएसटी’ किंवा ‘रिपीट ऑल’. कालचंच सगळं चालू ठेवा, असा अर्थ. काल काय होतं? परवाचंच. आणि परवा? त्यात मध्येच बंद केलेलं अँटिबायोटिक पुन्हा सुरू होतं. आयसीयूतून वॉर्डात पेशंट आला की हे हमखास घडतं. पेशंट हलवला, की सगळी औषधं नव्यानं आणि पूर्ण नावानं लिहायची, हा नियम लेखी करा. औषधाचं जेनेरिक नाव सुवाच्य आणि शक्यतो कॅपिटल अक्षरांत लिहावं, असं वैद्यकीय परिषदेच्या नियमांत २०१६ पासून आहेच. तुम्ही नवीन काही लादत नाही, हे मीटिंगमध्ये याच शब्दांत सांगा.

आता निदान आणि कोडिंग. क्लेम फॉर्मचा जो भाग रुग्णालयानं भरायचा असतो, त्यात आयसीडी-१० चे रकाने आहेत. बऱ्याच ठिकाणी ते इन्शुरन्स डेस्कवरचा मुलगा गूगलवर शोधून भरतो, आणि एमआरडीत तुम्ही त्याच फाइलला वेगळा कोड देता. आधी हे एका हाताखाली आणा. मग शॉर्टफॉर्मकडे वळा. ‘एआरएफ’ घ्या. किडनी अचानक बंद पडणं असेल तर एन १७.९. श्वसन निकामी होणं असेल तर जे ९६.०. सांध्यांचा ताप असेल तर आय ००. फाइलमध्ये क्रिएटिनिन सहा दिसतंय म्हणून किडनीच असणार, असा तर्क तुम्हाला सहज करता येईल, आणि बहुतेक वेळा तो बरोबरही निघेल. तरी करू नका. कोड डॉक्टरांनी लिहिलेल्या निदानाला द्यायचा असतो, आपण काढलेल्या निदानाला नाही. त्याच पेशंटला व्हेंटिलेटरही लागला असेल, तर दोन्ही आजार खरे असू शकतात आणि एक कोड गळून गेलेला असतो.

‘पीआयडी’ असंच. कंबरदुखीच्या फाइलवर ते मणक्यातली सरकलेली चकती असतं, एम ५१.२. बाईच्या ओटीपोटाच्या सुजेला एन ७३.९. कंबर आणि ओटीपोट दोन्ही दुखतंय अशी तक्रार घेऊन आलेली चाळिशीची पेशंट असेल तर फाइल वाचूनही अंदाज येत नाही. आणि ‘आर/ओ डेंगी’ म्हणजे डेंगी आहे का बघा, की डेंगी नाही हे ठरलं? पहिल्या दिवशीच्या नोटमध्ये ते चालेल. डिस्चार्जच्या कागदावर एकतर डेंगी लिहा, नाहीतर काय निघालं ते लिहा.

शंका आली की डॉक्टरांकडे लेखी विचारणा करा. अर्ध्या पानाचा फॉर्म पुरतो: पेशंटचा नंबर, फाइलमध्ये कुठे काय लिहिलंय, ‘कृपया पूर्ण निदान लिहा’, खाली रिकामी ओळ, सही, तारीख, वेळ. ‘किडनी फेल्युअर ना सर?’ असं तोंडी विचारू नका. ते घाईत ‘हो’ म्हणतील आणि निदान तुमचं होईल. फॉर्म फाइलमध्येच राहू दे.

एक जागा अशी आहे जिथे शॉर्टफॉर्म सरळ पैशांना लागतो, आणि तिच्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. आजाराचा कालावधी. केस पेपरवर ‘के/सी/ओ डीएम x ५’ असतं, डीएम म्हणजे मधुमेह. पाच काय? वर्षं, महिने, दिवस? आरएमओने इंग्रजी पद्धतीनं ‘एचटीएन २/१२’ लिहिलं, म्हणजे दोन महिन्यांपासून बीपी. भागिले सात म्हणजे दिवस, भागिले बावन्न म्हणजे आठवडे, भागिले बारा म्हणजे महिने, असं त्याला कॉलेजात शिकवलेलं असतं. क्लेम तपासणारा ते बारापैकी दोन वाचतो, किंवा फेब्रुवारी २०१२ वाचतो. पॉलिसीच्या आधीपासून बीपी होतं असं ठरलं की क्लेम अडकला. पॉलिसीच्या आधीपासूनच्या आजारांवर क्लेम मिळण्यासाठीची प्रतीक्षा २०२४ पासून जास्तीत जास्त ३६ महिन्यांवर आली आहे, म्हणजे दोन महिने की दोन वर्षं यावर त्या कुटुंबाचे लाखभर रुपये ठरू शकतात. ‘मधुमेह, पाच वर्षांपासून, पेशंटने सांगितल्याप्रमाणे’ एवढं लिहायला किती वेळ लागतो? अॅडमिशन पेपरवर आजारापुढे ‘वर्षे / महिने / दिवस’ छापून घ्या, गोल करायला. महात्मा फुले योजनेच्या केसेस करत असाल तर तुमच्या आरोग्यमित्रांनाही विचारून बघा. प्री-ऑथ, म्हणजे उपचाराआधीच्या मंजुरीचे अर्ज, कशामुळे परत येतात, त्याची सगळ्यात खरी यादी त्यांच्याकडे असते.

मृत्यूच्या दाखल्याबद्दल थोडक्यात. रुग्णालयातल्या मृत्यूसाठी फॉर्म नंबर ४ असतो, आणि त्यावर पहिल्या ओळीत ‘सीआरए’ लिहायची आपल्याकडे जुनी खोड आहे. हृदय आणि श्वास थांबणं ही मरणाची रीत झाली, कारण नव्हे. ती माणसं कशानं गेली हे त्यातून राज्याच्या आकडेवारीत कधीच येत नाही. शॉर्टफॉर्म काढून ‘कार्डिओरेस्पिरेटरी अरेस्ट’ असं पूर्ण लिहिलं तरी चूक तीच राहते, म्हणून इथे नुसता विस्तार मागू नका, मूळ आजार मागा.

काही शॉर्टफॉर्म मात्र आळसापोटी नाही, संकोचापोटी लिहिले जातात. क्षयाला ‘कॉक्स’, एचआयव्हीला ‘आरव्हीडी’ किंवा थेट ‘बी २४’ हा आयसीडी कोड. हेतू चांगला असतो: बेडजवळच्या नातेवाइकांना कळू नये. पण फाइलच्या कव्हरवर लाल पेनने बी २४ लिहिलेलं वॉर्डबॉयपासून कँटीनवाल्यापर्यंत सगळ्यांना कळतं. एचआयव्ही आणि एड्स कायदा, २०१७ प्रमाणे ही माहिती जपणं रुग्णालयाची जबाबदारी आहे, आणि ती सांकेतिक अक्षरांनी पार पडत नाही. निदान आतल्या पानावर पूर्ण लिहा. कव्हर, खाटेजवळची पाटी आणि सिस्टरांचा पांढरा बोर्ड इथे काहीच लिहू नका. क्षयाच्या बाबतीत नुसतं ‘पीटीबी’ (फुफ्फुसाचा क्षय) कोडिंगलाही पुरत नाही: थुंकीत जंतू सापडले तर ए १५, तपासणीने पक्कं झालं नसेल तर ए १६.

तपासणीआधी हातात थोडेच दिवस असतील, तर मी हे करीन. गेल्या महिन्यातल्या पन्नासेक बंद फाइली घ्या, फक्त औषधाचा चार्ट आणि डिस्चार्ज समरी बघा, दिसेल तो शॉर्टफॉर्म विभागवार वहीत उतरवा. दोन अर्थ असलेले वेगळे काढा. हीच तुमची खरी यादी, आणि ती आठशेच्या आसपासही जाणार नाही. दोन अर्थवाल्यांवर बंदी, एक अर्थवाले मान्य, पाच जागा पूर्ण लिखाणाच्या. एका पानात बसेल. मेडिकल डायरेक्टरांच्या सहीने काढा, तुमच्या सहीने नको. नव्या इनचार्जचं सर्क्युलर कुणी वाचत नाही. मग दर महिन्याला थोड्या फाइली पुन्हा तपासा आणि निकाल विभागवार मांडा, डॉक्टरांच्या नावानिशी नको. सर्जरीपेक्षा मेडिसिन मागे आहे, एवढं मीटिंगमध्ये दिसलं की पुढचं काम त्यांचं ते करतात.

पुढे संगणकीकरण होणार असेल तर सॉफ्टवेअरवाल्यांना स्नोमेड सीटी या वैद्यकीय संज्ञांच्या आंतरराष्ट्रीय प्रमाण यादीबद्दल विचारा. भारत २०१४ पासून त्याचा सदस्य आहे, इथे वापर मोफत आहे आणि देशाचं केंद्र पुण्याच्या सी-डॅकमध्येच आहे. डॉक्टर तीन अक्षरं टाइप करतील, पडद्यावर पूर्ण नावं येतील, त्यांनी त्यातलं एक निवडायचं. कागदाचे नियम आधी बसलेले नसतील तर मात्र ते मोकळ्या रकान्यात पुन्हा पीआयडीच टाइप करतील.

राहिल्या गेल्या वर्षीच्या फाइली. त्यांना हात लावू नका. तपासणी जवळ आली की जुन्या कागदांवर वेगळ्या शाईने विस्तार लिहायची घाई होते. कोर्टात किंवा ग्राहक आयोगात तो फेरफार ठरतो. एखाद्या चालू क्लेमसाठी खुलासा लागत असेल तर त्याच डॉक्टरांकडून आजच्या तारखेनं वेगळी नोट घ्या आणि मूळ पानाला जोडा. व्हाइटनरची बाटली एमआरडीत असेल तर तेवढी आजच बाहेर काढा.